कोठीवरचा सर्व्हर

संघपाल खोब्रागडेनं जेवता जेवता जाहीर केलं की येत्या शनिवारपासून या घरात रिमोटवरून भांडण होणार नाही. झालंच तर तो आपलं नाव बदलून घेईल. त्याची बायको रिना आरोग्य केंद्रात नर्स होती. दिवसभरात अशी बरीच विधानं तिच्या कानावर पडत, म्हणून तिनं फक्त भात वाढला. आई गिरजाबाईंनी मात्र विचारलं की नवं नाव काय ठेवशील.

घरात टीव्ही तीन. एक समोरच्या खोलीत, एक आईच्या खोलीत आणि एक छोटा स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर. माणसंही तीनच, पण तिघांना नेहमी समोरचाच टीव्ही हवा असे, कारण कूलर तिथं होता, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या जूनमध्ये माणूस टीव्हीसमोर बसत नाही, कूलरसमोर बसतो. ही गोष्ट संघपालच्या लक्षात आली नव्हती. त्याच्या मते मुख्य अडचण तंत्रज्ञानाची होती.

म्हणून त्यानं दोन महिन्यांपूर्वीच घरी सर्व्हर बसवायचं ठरवलं होतं. एक जुना कॉम्प्युटर, त्यात भली मोठी डिस्क, डिस्कमध्ये सिनेमे, आईच्या आवडीची गाणी आणि भाषणं, रिनाच्या आवडीचे स्वयंपाकाचे व्हिडिओ. ज्याला जे पाहायचं ते त्यानं आपापल्या टीव्हीवर लावावं. वर एक खास सोय: 'घरभर' नावाचं बटण. ते दाबलं की एकच चित्र तिन्ही टीव्हींवर. ते कधी लागणार, असं रिनानं विचारलं तेव्हा संघपाल म्हणाला की सोय असावी.

आता संघपाल कुठं नोकरी करत होता हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. तो सावरटोल्याच्या तहसील कचेरीत लिपिक होता. दाखल्यांची खिडकी त्याची. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जो हवा त्याचा अर्ज संघपालच्या हातून पुढं जाई. त्या खिडकीत बसून तो गेले दोन महिने सगळ्या तालुक्याला एकच वाक्य ऐकवत होता, "सर्व्हर डाऊन हाय." त्यात खोटं काही नव्हतं. पडद्यावरचं चक्र खरंच फिरत राही. सकाळी दहाच्या सुमारास फिरायला लागे ते थेट संध्याकाळी पाचला थांबे. संघपाललाही त्याचं आश्चर्य वाटे.

कोणी असं विचारलं नाही की दहा ते पाच या वेळात संघपालच्या टेबलाखाली ती मोठी डिस्क का लावलेली असते. घरचं इंटरनेट बैलबंडीच्या चालीचं, कचेरीचं मात्र झकास. तेव्हा सिनेमे उतरवून घ्यायचं काम त्यानं कचेरीतच लावलं होतं. लाइनीवरून एका वेळी चाळीस सिनेमे येत असतील तर त्याच लाइनीतून वारलू आत्रामचा उत्पन्नाचा दाखला कसा जाणार, हा हिशोब मात्र त्याच्या डोक्यात आला नाही. एवढा मोठा तंत्रज्ञ, पण आपली चूक आपल्याला दिसत नाही म्हणतात ते खरंच.

त्याच आठवड्यात घरचं काम उभं राहिलं. थंड जागा म्हणून कॉम्प्युटर समोरच्या खोलीतल्या धानाच्या कोठीवर ठेवला. पहिल्या दिवशी आईनं भाषण लावलं तर ते स्वयंपाकघरात ऐकू येऊ लागलं आणि आईसमोर एक बाई कारल्याच्या बिया काढू लागली. रिनानं तो व्हिडिओ थांबवला तर समोरच्या खोलीतला संघपालचा खलनायक हवेत उडी मारलेल्या स्थितीत तासभर तसाच राहिला. पण शुक्रवारपर्यंत 'घरभर' सोडून सगळं सुरळीत झालं. त्या आनंदात संघपालनं कचेरीत बढाई मारली आणि तहसीलदार मडावी मॅडमना शनिवारी चहाला बोलावलं. मॅडम नव्यानं बदलून आलेल्या, कमी बोलणाऱ्या. येते म्हणाल्या.

इकडे गिरजाबाईंनी शेजारच्या मुखरूला कौतुकानं सांगितलं की पोरानं घरी सरवर आणलं, कोठीवर ठेवलं. मुखरूचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि रहिवासाच्या दाखल्यासाठी तो तीनदा खिडकीवरून परत आला होता. हातातला पाना त्यानं खाली ठेवला. मग म्हणाला, "हां. म्हणून कचेरीत राह्यत नाई तो."

मुखरूच्या दुकानात दिवसाला पन्नास सायकली येत. प्रत्येक चाकात हवा भरताना ही बातमीही भरली गेली. दुपारपर्यंत सावरटोल्यात पसरलं की संघपालबाबूनं कचेरीचा सर्व्हर उचलून घरी नेला आणि त्यावर तो सिनेमे पाहतो. संध्याकाळी ते पोंभुर्ण्याच्या एसटीत बसून पुढं गेलं.

शनिवारी सकाळी नऊला संघपालनं दार उघडलं तर ओट्यावर वारलू आत्राम बसलेला. जंगलाकडच्या गावचा, वयस्कर, शांत माणूस. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. त्याची नात मंगली दहावी झाली होती, चंद्रपूरच्या हॉस्टेलात जायची होती. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि सोमवार शेवटचा दिवस होता. संघपालनं त्याला पाच वेळा परत पाठवलं होतं.

"बाबू," वारलू उठून म्हणाला, "सर्व्हर इथीच हाय म्हणते. मंग कचेरीत कायले जाऊ म्हटलं."

संघपालनं समजावलं की हा तो सर्व्हर नाही, हा वेगळा, घरगुती. वारलूनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की मग याची तब्येत कशी आहे. चांगली आहे, असं संघपालच्या तोंडून निघून गेलं. तसा वारलू पुन्हा बसला. तो भोळेपणानं बोलतो की टोमणा मारतो, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

दहापर्यंत ओट्यावर चौदा माणसं झाली. मुखरू आपला दाखला मागायला आला होताच, शिवाय रांग लावायचं कामही त्यानं अंगावर घेतलं होतं. संघपाल प्रत्येकाला सांगत होता की हा सर्व्हर फक्त टीव्हीसाठी आहे, आणि प्रत्येक वेळी ते ऐकून लोक एकमेकांकडे पाहत होते, कारण त्यांचंही नेमकं तेच म्हणणं होतं. ऊन चढलं तसं रिनानं सगळ्यांना आत कूलरसमोर बसवलं आणि चहा टाकला. नवऱ्याला ती एवढंच म्हणाली, "मॅडम यायच्या आत सांगून टाका, काय लपवून राह्यले ते."

"मी काहीच लपवत नाई," संघपाल म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

मडावी मॅडम अकराला आल्या. खोलीभर माणसं पाहून दारात थबकल्या. त्यांना वाटलं बारसं आहे. मुखरूनं त्यांना प्रकरण सांगितलं. त्यांनी ते न हसता ऐकलं, कोठीवरच्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की कचेरीचा सर्व्हर मुंबईत असतो, तो असा घरी आणता येत नाही. संघपालचा जीव भांड्यात पडला. उत्साहाच्या भरात त्यानं टीव्हीवर सगळ्या सिनेमांची यादी उघडून दाखवली. सहाशे सिनेमे. प्रत्येक नावापुढं तो कधी उतरवला त्याची तारीख, वार आणि वेळ.

मॅडम चहा पीत यादी वाचत गेल्या. मग कप खाली ठेवला.

"खोब्रागडे, मंगळवार, सकाळी सव्वाअकरा. तुम्ही तेव्हा कुठे होता?"

"खिडकीत, मॅडम."

"आणि बुधवारी पावणेचारला?"

संघपालनं यादीकडे पाहिलं. यादीत एकही रविवार नव्हता, एकही सुट्टी नव्हती. सगळे सिनेमे कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात, अगदी शिस्तीत आले होते. फिरणारं ते चक्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कळलं की ते कोण फिरवत होतं.

मॅडमनी आवाज चढवला नाही. लोक डब्याबद्दल चुकले होते, मुद्द्याबद्दल नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी वारलूचा कागद हातात घेतला, अर्जाचा नंबर वाचला आणि संघपालला तो तिथल्या तिथं उघडायला सांगितलं. संघपाल गडबडीनं माऊस फिरवू लागला. नेमकं तेव्हाच त्याच्या बोटाखाली 'घरभर' आलं. आजवर ते एकदाही धड चाललं नव्हतं. त्या दिवशी तिन्ही टीव्ही एका झटक्यात लागले. समोरच्या खोलीत, आईच्या खोलीत आणि फ्रिजच्या डोक्यावर, मोठ्या अक्षरांत एकच ओळ आली. रिनानं ती स्वयंपाकघरातून मोठ्यानं वाचली.

"लिपिक, संघपाल खोब्रागडे. प्रलंबित. अकरा दिवस."

"म्हणजे सर्व्हरकडे नव्हता अडकलेला," मॅडम म्हणाल्या. "संध्याकाळी पाचनंतर, रविवारी, कधीही उघडला असता तरी चाललं असतं."

संघपालनं मान खाली घालून अर्जातली माहिती भरायला घेतली. घरचं इंटरनेट बैलबंडीचं, पण त्यावर आज दुसरं काही लादलेलं नव्हतं. चौदा जण प्रत्येक अक्षर पाहत होते. एके ठिकाणी त्यानं मंगलीचं आडनाव चुकवलं तर तिघांनी एकदम सांगितलं. मॅडमची संगणकावर सही करायची चावी पर्समध्येच होती. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

"एवढंच?" वारलूनं विचारलं.

"एवढंच," संघपाल म्हणाला. आजवर त्यानं दिलेलं हे सर्वांत लाजिरवाणं उत्तर होतं.

मुखरूच्या दुकानासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापील दाखला आला. वारलूनं तो दोनदा वाचून घेतला, घडी न घालता पिशवीत ठेवला आणि दोन्ही हात जोडले, ते मॅडमकडे की टीव्हीकडे हे सांगता येणार नाही. दुपारी दोनपर्यंत उरलेल्या तेरा जणांचंही झालं. जाताना मॅडमनी सोमवारी लेखी खुलासा मागितला आणि यापुढं खिडकीतला पडदा लोकांच्या दिशेला फिरवून ठेवायला सांगितला. चहा चांगला होता, असंही म्हणाल्या. ते बहुधा रिनासाठी होतं.

घर रिकामं झालं. संघपाल रिकाम्या कपांच्या मध्ये भिंतीला टेकून बसला. इतक्यात गिरजाबाई आपल्या खोलीतून चष्मा पुसत आल्या. चेहरा असा उजळलेला की बऱ्याच वर्षांत कोणी तसा पाहिला नव्हता. प्रौढांच्या वर्गात शिकलेलं वाचन आज कामी आलं होतं.

"बावा, टीव्हीत तुयं नाव आलं होतं," त्या म्हणाल्या. "मी एक एक अक्षर लावून वाचलं. मांगच्या घरच्या बाईलेही बोलावून दाखवलं."

"हो, आई."

"अन् नावासमोर लिवलं होतं, प्रलंबित. एवढा मोठा हुद्दा भेटला अन् घरी सांगतलं नाई तुनं?"

रिना घाईघाईनं कप उचलून स्वयंपाकघरात गेली. संघपालनं आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"नवा नाई, आई," तो म्हणाला. "जुनाच हाय."