सिग्नलला थांबणाऱ्यास समज

सुसंस्कृत समाजात चुकणाऱ्याला शिक्षा होते. त्याहून सुसंस्कृत समाजात त्याला समज दिली जाते. मुलुंड हे या दुसऱ्या प्रकारचे उपनगर असल्याचे तेथील रहिवासी सांगतात (ठाण्याचे रहिवासी सांगत नाहीत). म्हणूनच, वाहतुकीचे नियम मोडणाऱ्या मोटारवाल्यांना सायकलस्वारांनी जाब विचारावा की नाही, या प्रश्नाची पद्धतशीर तड लावण्याचा मान १९८६ साली मुलुंडकडे गेला.

प्रश्न उपस्थित झाला तो अंड्यांमुळे.

गुणाजी घाडी हा मूळचा कणकवलीकडचा, नंतर लालबागच्या गिरणीतला आणि संपानंतर गिरणीचे दार पुन्हा उघडण्याची आशा सुटल्यापासून मुलुंडमध्ये सायकलवरून अंडी पोचवणारा गृहस्थ. कॅरिअरवर अंड्यांचे ट्रे सुतळीने बांधून तो बेकऱ्या आणि भुर्जीच्या गाड्या सांभाळत असे. एके सकाळी पाच रस्ता या चौकात लाल दिवा असताना एक पांढरी फियाट न थांबता निघून गेली. जाताना तिचा आरसा गुणाजीच्या सुतळीत अडकला. पुढच्या वर्णनाची गरज नाही; त्या सकाळी ज्यांनी तिथून रस्ता ओलांडला त्यांच्या चपलांना ते आठवत असेल.

फियाटवाल्याने थोडे पुढे जाऊन गाडी हळू केली, मान बाहेर काढली, "दिसत नाय काय रे?" असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता तो गेला.

गुणाजीने भरपाई मागितली नाही. "अंडी गेली ती जांव देत," तो भेटेल त्याला सांगे. "पण तेणां एकदा म्हणूक व्हया, चुकला माझा. बस."

मागणी साधी वाटते. परंतु नंतर चौकशी केली असता असे आढळले, की रस्त्यावर हे वाक्य उच्चारलेला एकही चालक उपनगरात कोणाच्या स्मरणात नाही. 'सॉरी' काही ठिकाणी आढळले, पण ते म्हणतानाचा सूर 'जा मग पोलिसात' याच्या फार जवळचा होता.

अशा परिस्थितीत मुलुंड सायकलस्वार मंडळाची स्थापना झाली. अध्यक्षपदी मार्तंडराव सबनीस आले. सरकारी खात्यातून निवृत्त झाल्यावर मधुमेहामुळे ते सायकल चालवू लागले होते, त्यामुळे पोटासाठी सायकल चालवणाऱ्यांच्या प्रश्नाकडे त्यांना तटस्थपणे पाहता येई. चिटणीस जयवंत लाड हा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होता आणि त्याला तटस्थपणे काहीच पाहता येत नसे. वाचनालयाच्या हॉलमधली पहिली सभा या दोघांनीच चालवली.

"समज कसली देताय?" जयवंत म्हणाला. "सायकल आडवी घालायची. काच खाली करायला लावायची. आणि मग..."

"मग काय?"

"मग बघू ना!"

"'बघू' हे ठरावात लिहिता येत नाही, लाड," मार्तंडराव म्हणाले.

अखेर ठरले, की जाब विचारावा. मात्र तो वाहन पाहून विचारावा. ट्रकला समज मनातल्या मनात द्यावी आणि फुटपाथवर उभे राहून द्यावी. बसला ती मागच्या बाजूने द्यावी. रिक्षावाल्याला देऊच नये, कारण तो ती व्याजासकट परत करतो. अँबॅसिडर असल्यास आत कोण बसले आहे ते आधी पाहावे. मारुती असल्यास मालक नवा आणि आनंदात असतो, म्हणून प्रथम अभिनंदन करावे. सविस्तर समज द्यायला योग्य असे एकच वाहन उरले, ते म्हणजे फियाट. सभेने हे एकमताने मान्य केले (सभेत कोणाकडेही फियाट नव्हती).

समजेचा मजकूर मार्तंडरावांनी स्वतः तयार केला. तो असा: "महोदय, आपण नुकतेच केलेले वाहतूक नियमांचे उल्लंघन आमच्या निदर्शनास आले असून, त्याबद्दल आपणांस खेद वाटत असल्यास तसे मोठ्याने व मराठीत सांगावे, ही नम्र विनंती." 'नम्र' या शब्दाला जयवंतने हरकत घेतली, ती फेटाळण्यात आली.

दुसऱ्या आठवड्यापासून मंडळाचे सदस्य दंडाला हिरव्या फिती बांधून सकाळी पाच रस्त्याला उभे राहू लागले, आणि योजनेतली एकमेव अडचण लक्षात आली. सिग्नल मोडणारी गाडी थांबत नाही. ठरावात हा मुद्दा राहून गेला होता. जयवंतने एका गाडीचा भांडुपपर्यंत पाठलाग केला. गाडी हाती लागली नाही. मात्र तो त्या वर्षात प्रथमच कारखान्यात वेळेवर पोचला, याची तिथे नोंद घेण्यात आली.

मार्तंडरावांनी दोन दिवस विचार करून मार्ग काढला. समज ही व्यक्तीला नसून प्रवृत्तीला द्यायची असते. मोटार चालवण्याची प्रवृत्ती थांबलेल्या चालकातही असतेच. शिवाय तो थांबलेला असतो. तेव्हा लाल दिव्याला जो थांबेल त्याला समज द्यावी, म्हणजे तो ती योग्य त्या माणसापर्यंत पोचवील.

योजना कमालीची यशस्वी झाली. पहिल्या पंधरवड्यात ज्यांना समज दिली गेली त्यांपैकी शंभर टक्के चालक नियम पाळणारे निघाले. त्यांच्यात झपाट्याने सुधारणाही दिसू लागली. हिरव्या फिती दिसताच ते लाल दिव्यातून वेग वाढवून जाऊ लागले. दिवाळीपर्यंत पाच रस्त्याला थांबणारी एकच मोटार उरली. ती दातांचे डॉक्टर अनंत गद्रे यांची होती आणि सुदैवाने फियाट होती. शिक्षिका असलेल्या पत्नी शुभाताईंना शाळेत सोडायला ते रोज त्याच वेळी तिथून जात.

"अहो, जा ना," शुभाताई म्हणाल्या. "सगळं मुलुंड जातंय."

"लाल आहे गं."

"आपल्याला एकट्यालाच दिसतो का तो? आले बघा फीतवाले. काच वर घ्या."

"अडकलीय ती. परवा नाही का सांगितलं?"

मार्तंडरावांनी खिडकीशी वाकून पूर्ण मजकूर वाचला. डॉक्टरांनी तो शेवटपर्यंत ऐकला, मग म्हणाले, "पण मी तर थांबलोय."

"म्हणून तर तुम्हाला सांगता येतंय," मार्तंडराव म्हणाले. "जे थांबत नाहीत त्यांना कसं सांगायचं? तुम्हीच सुचवा."

डॉक्टरांना सुचले नाही. इथे त्यांच्या व्यवसायाची एक सवय लक्षात घ्यावी लागेल. खुर्चीतला पेशंट कळवळला, की दाढ कोणाची, कीड कोणाची याचा विचार न करता ते आधी "चुकलं हं" म्हणत आणि काम पुढे चालू ठेवत. त्याच सुरात ते म्हणाले, "बरं, चुकलं हं माझं."

शुभाताईंनी कपाळाला हात लावला. जयवंत त्याच पावली सायकल हाणत गुणाजीकडे गेला आणि थोड्याच वेळात त्याला घेऊन आला. दुसरा लाल दिवा लागेपर्यंत डॉक्टरांना थांबवून ठेवण्यात आले होते (ते थांबले). गुणाजीने गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली.

"ह्यो तो न्हय," तो म्हणाला. "ती पांढरी. ही बिस्किटी."

"गुणाजी, रंग काय बघतोस? तत्त्व बघ," मार्तंडराव म्हणाले.

"अंडी काय तत्त्वान फोडल्यान?"

तरीही डॉक्टरांना रोज समज देणे चालू राहिले, कारण दुसरे कोणी उपलब्ध नव्हते. डॉक्टर रोज "चुकलं हं" म्हणत. शुभाताई शाळेत चालत जाऊ लागल्या, पण पाय दुखू लागल्याने परत गाडीत बसल्या.

जानेवारीत ती पांढरी फियाट गुणाजीला पुन्हा दिसली. बाजाराच्या एकेरी रस्त्यात ती उलट दिशेने शिरत होती. गुणाजीने मागचापुढचा विचार न करता अंड्यांसकट सायकल तिच्यामागे घातली, अर्थात उलट दिशेनेच. जोरजोरात घंटी वाजवली. घंटी ऐकून रस्त्यातली सगळी माणसे आपापली चालत राहिली. एकटी मासळीवाली चंपाबाई डोक्यावरची पाटी सावरत थांबली. त्यामुळे सायकल तिलाच लागली.

बोंबील रस्त्यावर पडले आणि अंडी बोंबलांवर पडली. चांगल्या हॉटेलात या पदार्थाला नाव असते. फियाट केव्हाच निघून गेली होती.

"ए भाऊ! डोले फुटले काय तुजे?" चंपाबाई उठता उठता म्हणाली. तिच्या कोपराला खरचटले होते. "उलटा कुठून आला? बोल, चुकलं बोल."

गुणाजीने तोंड उघडले. जे वाक्य इतके महिने तो सगळ्या मुलुंडकडे मागत होता, ते त्याला पाठ होते. पण तो म्हणाला, "मी मंडळाच्या कामार होतंय." आणि लोक बघताहेत असे दिसल्यावर वर म्हणाला, "तू मदीच कित्याक थांबलंस?"

"घंटी मारली म्हणून थांबली! थांबली ती माजी चूक काय?"

जमलेल्यांत दोन तट पडले. कोपऱ्यावरच्या सिग्नलला, लाल दिव्यात, बिस्किटी फियाट उभी होती. तिचा दरवाजा उघडला.

"अहो, उतरू नका, तुमचा काय संबंध?" आतून आवाज आला. पण डॉक्टर उतरले होते. त्यांनी रुमाल काढून चंपाबाईच्या कोपराला बांधला आणि ती कळवळताच सवयीने म्हणाले, "चुकलं हं बाई. माझंच."

चंपाबाईने त्यांच्याकडे पाहिले, मग गुणाजीकडे. "बघ," ती म्हणाली, "गाडीवाला असून बोलला." उरलेले बोंबील गोळा करून ती गेली. दिवा हिरवा झाला, डॉक्टरही गेले. संध्याकाळी गुणाजीने सहा अंडी डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन दिली. गद्र्यांकडे अंडी चालत नाहीत, हे त्याला सांगणे डॉक्टरांच्या जिवावर आले. त्यांनी ती घेतली आणि "चुकलं हं" म्हणाले.

मंडळाच्या वर्षपूर्तीला डॉक्टर गद्र्यांचा सर्व वाहनचालकांच्या वतीने शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ते समोर होतेच, म्हणून त्याच व्यासपीठावर त्यांना त्या दिवसाची समजही देण्यात आली. पुढच्या महिन्यात त्यांनी बिऱ्हाडासकट दवाखाना बोरिवलीला हलवला. नव्या दवाखान्याच्या वाटेवर सिग्नल नाही, एवढेच शुभाताईंनी जाताना शेजाऱ्यांना सांगितले.

डॉक्टर गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी फीतवाले पाच रस्त्याला उभे होते. लाल दिवा लागला. ट्रक गेला, टेम्पो गेले, नवी मारुती गेली, सायकलीही नेहमीप्रमाणे डाव्या बाजूने गेल्या (सिग्नल सायकलला लागू आहे किंवा कसे, हा विषय मंडळापुढे कधी आला नव्हता). फक्त एक सायकल फुटपाथला पाय टेकवून थांबली. तिच्या कॅरिअरवर अंडी होती.

"गुणाजी, तू कशाला थांबलास?" जयवंत ओरडला. "जा ना यार!"

"लाल आसा."

फीतवाले एकमेकांकडे पाहू लागले. मार्तंडरावांनी क्षणभर विचार केला. पण नियम तो नियम. ते पुढे झाले, वाकले आणि त्यांनी 'महोदय'पासून 'नम्र विनंती'पर्यंत सगळा मजकूर वाचून दाखवला.

गुणाजी त्यांच्याकडे पाहत नव्हता. रस्त्यापलीकडे चंपाबाई पाटी मांडत होती. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो म्हणाला, "चुकला माझा."

चंपाबाईने वर पाहिले नाही. "आता फुटली वाचा," म्हणाली आणि दिवा हिरवा झाल्यावर पलीकडे येणाऱ्या सायकलला जागा व्हावी म्हणून पाटी थोडी बाजूला सरकवली.

त्या दिवसापासून गुणाजीला समज देणे बंद आहे, कारण तो विचारण्याआधीच कबूल करतो आणि मंडळाचा विरस होतो. मजकूर तयार आहे, फिती धुऊन ठेवल्या आहेत, माणूस तेवढा मिळत नाही. हा वृत्तान्त खरे तर त्या पांढऱ्या फियाटच्या मालकासाठी लिहायला घेतला होता. तो पहिल्या परिच्छेदापाशीच पान उलटून पुढे गेला असणार. त्याला नेहमी घाई असते. आपण मात्र इथपर्यंत थांबलात.

महोदय, जरा काच खाली करता का?