अभिजात गद्याची पंगत

वाचकहो, आरंभीच एक गोष्ट निक्षून सांगतो: मराठी वाक्य उभारण्याच्या कलेत माझा हात धरील असा मनुष्य बुलढाणा जिल्ह्यात नाही! कर्त्याला आरंभी मानाने बसवावे, त्याच्याभोवती उपवाक्यांचे मांडव घालावेत, मांडवांना विशेषणांची तोरणे बांधावीत, आणि श्रोत्याचा श्वास आता जातो की मग जातो अशी वेळ आली असता क्रियापदाची स्वारी वाजतगाजत आणावी, याला वाक्य म्हणतात. हल्ली लोक मोबाइलवर जे लिहितात, त्या शिंका होत!

ही कला मी आमच्या विद्यापीठात 'अभिजात गद्य' या ऐच्छिक विषयातून शिकवितो. यंदा मात्र त्या विषयाला एकही विद्यार्थी आला नाही. कुलगुरूंनी मला बोलावून घेतले.

"प्रेमानंदराव, रिकाम्या वर्गात पंखा किती दिवस फिरवायचा?"

"पंखा बंद ठेवून शिकवीन!"

"मुद्दा विजेचा नाही हो!"

मी वाद घातला. वाद घालणे हा माझा स्वभाव नसून ती माझी पद्धती आहे. अखेरीस कुलगुरू थकले आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात आपल्याकडे ग्राफिक डिझाइनचा सप्ताह आहे. व्याख्यानं, कार्यशाळा, सगळं. गुरुवारचं दुपारचं व्याख्यान तुम्ही द्या. सभागृह भरलं तर विषय राहील. नाही भरलं तर तुमच्या वर्गात डिझाइनवाल्यांचा मोठा प्रिंटर बसेल."

"सभागृह ओसंडून वाहील!" मी म्हणालो.

सोमवारी सप्ताह सुरू झाला. पहिले व्याख्यान सकलैन नावाच्या पाहुण्या चित्रकाराचे होते. त्याने पडद्यावर एक पांढरे पान दाखविले. पानाच्या खालच्या कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढा काळा ठिपका. "बघा, ही रिकामी जागा बोलते आहे," तो म्हणाला.

मी तत्काळ उभा राहिलो. "रिकामी जागा बोलत असेल, तर मी काय गप्प बसावे?"

"तेवढी कृपा केलीत सर, तर सगळ्यांना ऐकू येईल."

सभागृह हसले. मी बसलो. आणि काय सांगू! त्याने तो ठिपका उचलून पानाच्या मध्यभागी ठेवला, तो गर्विष्ठ दिसू लागला. वरच्या कडेला नेला, तो पळून जाताना दिसला! पुन्हा कोपऱ्यात आणला, तर त्या बिचाऱ्याला घरी कोणी विचारीत नसावे असे वाटून मी खिशातला रुमाल काढला. कर्ता नाही, कर्म नाही, क्रियापद नाही, आणि तरीही मी एका ठिपक्यासाठी हळहळत होतो! त्या दिवशी मी घरी गेलो तो भारावलेला.

मंगळवारी पोस्टरची कार्यशाळा होती. डिझाइन विभागाच्या प्रमुख गुलनाज मॅडम या मोताळ्याच्या. वडिलांचे तिथे कापडाचे दुकान. त्यांनी विद्यार्थ्यांना माझ्याच व्याख्यानाचे पोस्टर करावयास दिले आणि मला विचारले, "सर, तुमचं ते मोठं वाक्य दिसतं कसं?"

"दिसते?" मी हवेत हात फिरवून पाहिला. "एक भले मोठे वर्तुळ कल्पा. त्याच्या पोटात लहान लहान वर्तुळे, प्रत्येक स्वतंत्र, पण सारी एका काठाने सांभाळलेली."

मॅडमनी कंपास फिरविला. एक मोठे वर्तुळ, आत लहान वर्तुळे. झाले! जे समजावून सांगण्यात मी आयुष्य वेचले, ते एका गिरकीत कागदावर उतरले होते! मी थक्क झालो. आणि थक्क होऊन गप्प राहिलो असतो, तर पुढचे काहीच घडले नसते.

"मॅडम, उपवाक्याउपवाक्यांत भेद असतो. तो रंगांनी दाखवा."

"काळं-पांढरंच राहू द्या ना, सर. रंग दिले की भलतंच काही दिसेल."

"भलतेच म्हणजे काय?"

"आत्ता नेमकं सांगता येत नाही, पण बघून पोटात काहीतरी होतंय."

"पोट हे समीक्षेचे साधन नव्हे!" मी म्हणालो आणि रंग सांगितले. मधल्या मुख्य वाक्याला पिवळा, कारण तो प्रसन्न. त्याच्या भोवतालच्या नामवाक्यांना भाजल्या गव्हाचा तपकिरी, कारण तो भरदार. विशेषणवाक्याला तांबूस-जांभळा. क्रियाविशेषणाला शुभ्र पांढरा. आणि उद्गारासाठी काठाशी एक हिरवी, अणकुचीदार रेघ!

मग मजकुराचा प्रश्न आला. माझे निमंत्रण एकाच वाक्याचे होते, परंतु ते वाक्य कागदाच्या दोन्ही बाजूंना पुरले नसते. मॅडमनी ते बारीक अक्षरांत मोठ्या वर्तुळाच्या काठावरून गोल फिरविले.

"मोठ्या अक्षरांत काय ठेवू, सर?"

"वेळ, स्थळ आणि शिष्टाचार. 'गुरुवार, दुपारी बारा, विद्यापीठाचे प्रांगण. सहकुटुंब, सहपरिवार आग्रहाचे निमंत्रण.'"

"व्याख्यानाला सहपरिवार?"

"सौजन्याला मर्यादा नसते!"

त्या पोस्टरचे मोठमोठे फ्लेक्स निघाले आणि मोताळ्याच्या आठवडी बाजारापासून संग्रामपूरच्या बसस्थानकापर्यंत ठिकठिकाणी झळकले. आमच्या सौभाग्यवतींनी, पुष्पांजलीबाईंनी, फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर पाहिला मात्र, त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, काय छान! मग गुरुवारी मी स्वयंपाक करत नाही."

"माझ्यासाठी तू चूल बंद ठेवणार?" माझे डोळे पाणावले.

"आणि सकाळचा नाश्तासुद्धा नको. जागा राहिली पाहिजे."

मनात जागा! केवढी ही जाण! लग्नानंतर प्रथमच मला वाटले, या बाईने मला ओळखले.

गुरुवार उजाडला. व्याख्यानाच्या कितीतरी आधी फाटकाशी ट्रॅक्टर लागू लागले. ट्रॉल्यांतून माणसे उतरत होती: म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, फेटेवाले, टोपीवाले. दुसरबीडहून तर एक जीप भरून आली! सभागृह भरले, व्हरांडे भरले, अखेर माइक उचलून हिरवळीवर आणावा लागला. आणि प्रत्येकाच्या हातात, वाचकहो, एकेक स्टीलचे ताट! उन्हात ती असंख्य वर्तुळे लखलखत होती. रेषेच्या सामर्थ्यापुढे मी मनोमन नतमस्तक झालो. पोस्टरवरचे चिन्हच लोक हाती धरून आले होते!

कुलगुरू लगबगीने माझ्याजवळ आले. "हे... हे सगळे गद्यासाठी?"

"अभिजात गद्यासाठी," मी दुरुस्ती केली.

मी बोलू लागलो. असे श्रोते मला या जन्मी मिळाले नव्हते! कोणी जांभई दिली नाही, कोणी मोबाइल काढला नाही, मध्येच कोणी "वा महाराज!" म्हणे, आणि पोर रडले तर आई त्याला दटावी, "गप बस बे, हे झाल्यावरच हाये!" मी चढत गेलो. अखेरीस माझे राखीव अस्त्र बाहेर काढले. उदाहरणादाखल, खास त्या दिवसासाठी रचलेले वाक्य:

"तो राजा, आपल्या राणीने, जिचे मन त्या नगरीत कशातच रमत नव्हते, मागितलेले निळे फूल शोधीत, नद्या ओलांडून, अरण्ये तुडवून, घोडा मेला तेव्हा पायी, आणि जोडे झिजले तेव्हा अनवाणी, एका अनोळखी दारापाशी, ज्याच्या पलीकडे दिवा जळत होता आणि दिव्यापाशी कोणीतरी त्याचेच नाव घेऊन रडत होते, पोहोचून, कडीला हात लावून, क्षणभर थांबून..."

इथे मीही थांबलो. क्रियापद ओठांवर आले होते. परिणामासाठी मी दोन्ही हात उंच केले.

हेच चुकले. "बोला पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!" मागून कोणीतरी गर्जले. सारा समुदाय त्या गजरात उठला, आणि पापणी लवते न लवते तोच हिरवळीवर समोरासमोर रांगा धरून खाली बसला. पुढ्यात ताटे. सर्वांच्या नजरा माझ्यावर.

पहिल्या रांगेत एक म्हातारी होती. तिचे नाव रुखमाबाई, हे मला मागाहून कळले.

"आजी, आपण सारे असे का बसलात?"

"वाढा ना, महाराज! कीर्तन झालं, आता जेवण नाही का?"

"कसले जेवण?"

तिने माझ्या पाठीमागच्या फ्लेक्सकडे बोट केले. "थे काय! मधात पिवळं वरण. भवताली गव्हाच्या बट्ट्या. थे वांग्याची भाजी. थो भात. अन् एक हिरवी मिरची बी काढली हाये की!"

मी वळलो. वाचकहो, मला ते दिसले! आणि एकदा दिसल्यावर दुसरे काही दिसेचना. मुख्य वाक्यातून वाफ निघत होती. नामवाक्यांवर तूप ओतावेसे वाटत होते!

"पण... काठावरचा मजकूर?"

"थे तं ताटाची नक्षी हाये ना?"

मी आधारासाठी कुलगुरूंकडे पाहिले. त्यांच्या मागे त्यांचा ड्रायव्हर उभा होता, आणि त्याच्या हातात नॅपकिनात गुंडाळलेले एक ताट होते.

"मीही सकाळपासून काही खाल्लेलं नाही," कुलगुरू हळूच म्हणाले.

इतक्यात कॅन्टीनचे पुंजाजी धावत आले. "सर, माह्याजवळ फक्त सामोसे हायेत, तेबी कालचे! हे माणसं पाह्यले तवाच मी मागच्या दारानं पळून जाऊन राह्यलो व्हतो!"

"मग परत का आलात?"

"मागच्या दारातबी पंगत बसली हाये!"

मी माइक हाती घेतला आणि खरे ते सांगितले. त्या प्रसंगी मला एकही उपवाक्य सुचले नाही. आता ताटे माझ्या दिशेने येतात की काय, असा विचार मनात आला. तोच शेजारच्या गावचे गुलाबराव रांगेतून उठले. पोट धरून हसत होते.

"एवढंच ना, मास्तर? माणसं जमले, ताटं आले, कीर्तनबी झालं. मंग राह्यलं काय? फक्त जेवण!"

त्यांनी दोन-तीन फोन लावले. आणि मग जे घडले ते मी आ वासून पाहिले! देवळातल्या कढया ट्रॅक्टरवर आल्या. गिरणीतून पीठ आले. कोणाच्या मळ्यातून वांग्यांचे कॅरेट आले. डिझाइन विभागाच्या मागे चर खणून चुली पेटल्या. कोणी बैठक बोलावली नाही, कोणी समिती नेमली नाही. आमच्याकडे खडूचा डबा मागवायला कुलगुरूंपासून शिपायापर्यंत सह्या लागतात! डिझाइनचे विद्यार्थी बट्ट्या वळीत होते, आणि सकलैन प्रत्येक बट्टी डोळ्यांसमोर धरून तिचा गोलावा तपाशीत होता.

"असं पाहत बसलं तं संध्याकाळ व्हईल, भाऊ!" एका बाईने त्याच्या हातातून बट्टी हिसकावली.

मला वरणाची बादली मिळाली. मी रांगेतून वाकून वाढीत चाललो, आणि सहाव्या-सातव्या ताटापाशी ओळखीचा आवाज आला, "अहो, वरवरचं पाणी काय वाढता? तळातून ढवळा!" पुष्पांजलीबाई! मी ढवळले. गुलनाज मॅडम भात घेऊन मागून येत होत्या. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्या रिकाम्या जागेने मला जे सुनावले, ते मी विसरणार नाही.

जेवण झाल्यावर कुलगुरू हात पुशीत म्हणाले, "वरण उत्तम होतं. पण विषय बंद, प्रेमानंदराव. लोक तुमच्यासाठी आले नव्हते."

"अट सभागृह भरण्याची होती! ते का भरावे, हे अटीत नव्हते!"

"बरं, वाद नको. पुढच्या गुरुवारी तुमच्या तासाला एक माणूस येऊ दे. एकच. जेवणाची आशा नसलेला."

पुढच्या गुरुवारी मी वर्गात उभा होतो. बाके रिकामी. दाराबाहेर खोक्यात बांधलेला प्रिंटर, आणि प्रिंटरशेजारी घड्याळाकडे पाहणारे कुलगुरू. तास अर्धा सरला. प्रिंटर आत घेण्यासाठी माणसे वाकली, तोच त्यांना ओलांडून रुखमाबाई आत आल्या. हातात ताट नव्हते.

"महाराज, आठ दिवस मले झोप नाही. त्या राजानं कडीले हात लावला, मंग काय केलं?"

माझ्या वाक्याने एका माणसाची झोप उडविली होती! मी दाराकडे विजयी नजर टाकली, छाती भरून घेतली, आणि आठवडाभर अडलेले क्रियापद उच्चारले:

"परतला!"

"परतला? दार न उघडता?"

"होय. त्या परतण्यातच या वाक्याचे सारे सौंदर्य..."

"मंग आत रडून राह्यलं व्हतं, थे कोण?"

मी उत्तर द्यावयास तोंड उघडले, आणि माझ्या ध्यानात आले की मला ते ठाऊक नाही. दिवा मी लावला होता, रडणेही मीच घातले होते. पण ते कोणाचे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"ते... वाक्यात नाही, आजी."

"नाही कसं? त्याची राणीच थे! हा फुलासाठी निंगून गेला, थे घरी दिवा लावून रडत बसली. एवढं हिंडून तो आपल्याच दारी आला, अन् त्याले आपलंच दार वळखू आलं नाही. म्हून परतला!" त्यांनी पदराने डोळे टिपले. "लय वाईट झालं बावा त्याचं. पन तुमी सांगतलं थे अर्धंच सांगतलं."

मी खुर्चीवर बसलो. माझे वाक्य माझ्याहून कितीतरी मोठे होते, आणि मी त्याच्या दारातूनच परतत आलो होतो!

विषय कायम राहिला. प्रिंटरची सोय दुसरीकडे झाली. हा विषय शिकवावा कोणी, याचा विचार करण्यासाठी मात्र कुलगुरूंनी रुखमाबाईंना येत्या सोमवारी चहाला बोलावले आहे.