ऊनाच्या कपाचं बूड

ऊना गिल्डेच्या पत्रानं फिन्टनच्या कोटाच्या आतल्या खिशात दोन हिवाळे काढले होते. उत्तर काही जात नव्हतं!

पत्र तसं साधंच होतं. "माझ्याकडे आत्याचा एक बेलीकचा कप आहे, शिंपल्याच्या घडणीचा. तुम्हाला त्यातलं कळतं म्हणतात. एखाद्या रविवारी येऊन तो किती जुना ते सांगाल का? चहा करीनच."

आता, फिन्टन डेव्हिनी म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. बेलीकच्या चिनी मातीवरची सगळी पुस्तकं त्याला तोंडपाठ. कपाच्या बुडाला शिक्का असतो: मान वळवून बसलेला शिकारी कुत्रा, शेजारी हार्प हे तंतुवाद्य आणि बुरूज. हा शिक्का काळा असला तर कप जुना, हिरवा असला तर मधला, सोनेरी असला तर अगदी कालपरवाचा. एवढं पक्कं ठाऊक असूनही कोणी कप पुढे केला की हा मान वाकडी करून खालून बघायचा, घाम पुसायचा आणि म्हणायचा, "जुना... असावा." सगळं गाव त्याला 'असावा' म्हणूनच ओळखायचं! मग ऊनासारख्या बाईच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून, तिच्याच आत्याच्या कपाबद्दल चुकलं तर? त्यापेक्षा पत्र खिशात बरं.

पण यंदा वसंतातली घरची मिस्सा, म्हणजे फादरांची प्रार्थनासभा, ऊनाकडे आली. वस्तीवर ही पाळी घरोघर फिरते. फादर यायचे म्हणून भिंतींना रंग, दाराला रंग, कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा रंग!

"या खेपेला सोडत नाही," फिन्टननं आरशाला बजावलं. फादरांना घरातला सर्वांत चांगला कप मिळणार. सर्वांत चांगला कप म्हणजे आत्याचाच. शेजारी बसायचं, बूड बघायचं, घरी यायचं, पत्र टाकायचं. कोणाला पत्तासुद्धा लागणार नाही!

"टाय कशाला?" मोठी बहीण डिम्पना दारातून म्हणाली. "मिस्सा आहे तिच्याकडे, लग्न नाही."

"ताई, उगाच काहीतरी!"

"आणि कपाट उघडून बोंबलू नकोस. आपल्या कपबश्या मी कालच ऊनाकडे धाडल्यात. एवढ्या माणसांना तिच्या कशा पुरणार?"

फिन्टननं ते या कानानं ऐकलं नि त्या कानानं सोडलं. तो टायशी झुंजत होता.

मिस्सा झाली. न्याहारी मांडली. फादर बैठकीत टेबलाशी बसले आणि नेहमीचं नाटक सुरू झालं. फादरांशेजारी बसायला कोणी तयार होईना.

"तू बस की ह्युई!"

"मी? मी गेल्या रविवारी चर्चला नव्हतो. तूच बस!"

"मी बसतो," फिन्टन म्हणाला. ह्युईच्या हातातला टोस्ट खाली पडला.

फादर मॅक्गर्क कानानं जरा कमी होते आणि त्यांचे पंजे फावड्याएवढे. शिंपल्याचा तो नाजूक कप त्यांनी दोन्ही हातांत चिमणीच्या पिल्लासारखा धरला आणि फुटबॉलवर बोलायला लागले. कप खाली ठेवायचं नाव नाही! फिन्टन थोडा वाकला. आणखी वाकला. शेवटी रुमाल पाडला, तो उचलायला गुडघ्यांवर बसला आणि हळूच मान वर केली.

नेमकं तेव्हाच फादरांनी खाली बघितलं. एक म्हातारा गुडघ्यांवर, हात छातीशी, डोळे वर लावलेले!

"अरेरे! सकाळी पापाची कबुली द्यायची राहिली वाटतं!" फादर कळवळले. "मंडळी, जरा बाहेर व्हा!"

मंडळी अंड्यांसकट बाहेर. दार बंद.

खरं सांगावं तर 'मी कपाचं बूड बघत होतो' असं फादरांना सांगायचं! ते कसं जमणार? मग मनात जे एकच पाप होतं, तेच बाहेर पडलं. पत्र आलं, उत्तर दिलं नाही.

"मोठ्यानं बोल रे!"

फिन्टन मोठ्यानं कुठला बोलणार? पण फादर स्वतः मोठ्यानंच बोलत होते, आणि दाराबाहेर सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"दोन वर्षं? आणि ती बिचारी वाट बघतेय?"

"कोण बिचारी?" डिम्पनानं ह्युईचा दंड पकडला. किटली घेऊन उभी असलेली ऊना कानांपर्यंत लाल झाली.

"तरी मी म्हणायचो," ह्युई पुटपुटला, "एवढी पुस्तकं वाचणारा माणूस आतून काहीतरी असणारच."

आत फादरांनी प्रायश्चित्त सांगितलं. "आजच्या आज उत्तर लिही आणि पेटीत टाक. तोंडी चालायचं नाही. तोंडी तू 'असावं' म्हणशील!" त्यांनी चहा संपवून कप फिन्टनच्या हातात दिला.

अखेर! फिन्टननं झटकन कप उलटा केला. बुडाला चिकटपट्टी होती, उसना कप परत ओळखू यावा म्हणून लावतात तशी. तिच्यावर डिम्पनाच्या अक्षरात लिहिलं होतं: डेव्हिनी.

स्वतःच्याच घरचा कप! ओळखणार कसा? घरचे कप त्यानं जन्मभर खालूनच पाहिले होते.

दार उघडलं. "फादर, काय केलं हो यानं?" डिम्पनानं विचारलं.

"कबुलीतलं मला सांगता येत नाही, बाई," फादर गंभीरपणे म्हणाले आणि टोपी घालून निघाले. झालं! त्यांनी खून म्हटलं असतं तरी मंडळी इतकी हादरली नसती.

सगळे फादरांना पोचवायला फाटकाशी धावले. बैठकीत फिन्टन, ऊना आणि किटली.

"तुमचा कप... फादरांना नाही दिलात?" फिन्टननं जमिनीला विचारलं.

"तो त्यांच्यासाठी नाही." पडद्यामागून तिनं एक कप काढला. धूळ पुसली. "पत्र कोणाला लिहिलं होतं मी?"

फिन्टननं कप उलटा केला. कुत्रा, हार्प, बुरूज. सगळं लखलखीत सोनेरी! आयुष्यात पहिल्यांदा त्याला घाम फुटला नाही.

"हा तर पाच-सहा वर्षांपलीकडचा नाही," तो म्हणाला. "आणि तुमची आत्या..."

"वारून तीस वर्षं झाली." ऊनानं किटली खाली ठेवली. "कपाखेरीज दुसरं काय लिहिणार होते मी तुम्हाला? तुम्ही मान वर करून तरी कुठे बघता कोणाकडे!"

फिन्टननं वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ओतू चहा?" तिनं किटली पुन्हा उचलली.

"आज नको," तो घाईनं म्हणाला. "फादरांनी उत्तर लेखी द्यायला सांगितलंय."

ती एवढी हसली की किटलीचं झाकण उडालं.

संध्याकाळी त्यानं पत्र लिहिलं. "कप नवा आहे. नक्की. रविवारी चहाला येतो, बहुधा." मग 'बहुधा' खोडलं. कागदाला भोक पडेपर्यंत खोडलं.

कोपऱ्यावरच्या हिरव्या टपालपेटीशी डिम्पना त्याच्या मागे येऊन उभी राहिली. "सारं गाव तुझ्याबद्दल काय काय बोलतंय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क अभिमान होता! "मला तरी सांग. फिटलं का रे ते पाप?"

पत्र आत पडल्याचा आवाज आला.

"फिटलं अस..." फिन्टन म्हणाला आणि थांबला. "फिटलं, ताई."