जावईबापू आणि पिवळी टोपी

“यंत्राचं काय घेऊन बसलीस! शिकवणारा खमक्या लागतो. आठवडाभरात त्याला असं तयार करतो, की साहेब माझा फोटो गेटवर लावतील!”

एवढं बोलून सुपरवायझरने चहाचा शेवटचा घोट असा घेतला, की जणू कारखान्याचं उद्घाटनच उरकलं. बायको दोघांचे डबे भरत होती. तिने मान वर न करता विचारलं, “आणि शिकवणार कोण?”

“मी!”

“तुम्हाला बर्गर लावता येतो?”

“अगं, मी देखरेख करणार. हात तुझे!”

मंडळी, त्याच वेळी त्या बाईने डब्याचं झाकण त्याच्या बोटावर बंद करायला हवं होतं. पण बाई सोशीक. आणि सोशीक माणसांच्या जिवावर जगात काय काय उद्योग चालतात, ते मी वेगळं सांगायला नको.

दोघंही एकाच कारखान्यात. दुकानं, विमानतळ, दवाखान्यांची कँटीनं, सगळीकडे फोटोत जो गुबगुबीत बर्गर हसत असतो ना, तो इथे जन्मतो. फोटोत तो एकटा असतो. इथे त्याचा महापूर असतो. लांबलचक टेबल, टेबलापलीकडे सरकता पट्टा आणि टेबलाशी उभ्या बायका. समोरच्या ट्रेमधून पाव उचला, सॉस मारा, पॅटी ठेवा, चीज, काकडीची चकती, वरचा पाव, सोडा पट्ट्यावर! पुन्हा पाव उचला! तासाला किती लावायचे ते वरच्या मजल्यावर ठरतं. ठरवणाऱ्यांनी आयुष्यात बर्गर फक्त खाण्यासाठी हातात धरलाय.

आत येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी हवीच. कामगारांना निळी, सुपरवायझरला पिवळी. आणि या पिवळ्या टोपीची जादू अशी, की ती दारात दिसली रे दिसली, की टेबलावरचे सगळे हात पंख्यासारखे गरागरा फिरायला लागायचे! पाठ वळली, की तेच हात पुन्हा माणसांचे व्हायचे. ज्या वेगाने काम धड होतं त्या वेगाने चालायचे, मधेच एक हात दुसऱ्याचं मनगट चोळायचा. टोपीसमोर घाईघाईत लावलेले वाकडेतिकडे बर्गर पट्ट्याच्या टोकाशी मामी सरळ करायची. मामी म्हणजे तिथली सगळ्यात जुनी कामगार. सगळ्यांची मामी, आणि जीभ अशी, की तिने नुसतं “या” म्हटलं तरी माणूस परत जायचा!

याला कामचुकारपणा म्हणणाऱ्याने एक दिवस त्या टेबलाशी उभं राहावं. संध्याकाळी त्याला स्वतःच्या शर्टाचं बटण काढता आलं, तर मी लिहिणं सोडतो.

सुपरवायझरला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. कसं असणार? त्याने ते टेबल हळू चाललेलं कधी पाहिलंच नव्हतं. तो जिथे जायचा तिथे त्याची टोपी त्याच्याआधी पोचायची!

तर अशा कारखान्यात ते यंत्र आलं. दोन लांब हात, वर मानेसारखा दांडा, आणि त्यावर कॅमेऱ्याचं डोकं. त्याच्यासाठी जमीन घासून घेतली, खास एसी बसवला, त्याच्या आसपास कोणी शिंकायचं नाही असा हुकूम निघाला. इतकी वर्षं पंखा मागून थकलेल्या मामीने कमरेवर हात ठेवून तो थाटमाट पाहिला आणि जाहीर केलं, “जावईबापू आले गं! आता यांचं रुसणं-फुगणं सांभाळा!”

तेव्हापासून यंत्राचं नाव जावईबापू.

सोबत एक इंजिनियर होता. मांडीवर लॅपटॉप, डोक्यावर निळी टोपी आणि चेहऱ्यावर कायम झोप. तो म्हणाला, “याला काही सांगावं लागत नाही. हा बघून शिकतो. ज्यांचा हात सगळ्यात चांगला, त्यांच्यासमोर ठेवा. जे दिसेल ते उचलेल.”

“माझी मिसेस!” सुपरवायझर छाती फुगवून म्हणाला. मग बायकोजवळ जाऊन हळूच, “अगं, वेगळं काही करू नकोस. रोज करतेस तसंच कर.”

बाईने तसंच केलं. अगदी तस्संच!

जावईबापू तिच्यासमोर मान वाकडी करून दिवसभर बघत बसले. आपल्या सुपरवायझरला कुठला दम निघतोय! घटकेघटकेला दार ढकलून आत. “शिकतोय ना?” टोपी आत, हात गरागरा. टोपी बाहेर, हात सावकाश. पुन्हा टोपी आत! पोराला पहिल्या दिवशी शाळेत सोडलेल्या बापासारख्या त्याच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. जावईबापूंनी सगळं पाहिलं. सगळं उचललं.

आठवडा संपला. साहेब चाचणी बघायला आले. साहेबांना टोपीने केसांचा भांग मोडतो म्हणून ते काचेबाहेरच उभे. आत सुपरवायझर. जावईबापूंनी बर्गर असे भराभर लावले, की इंजिनियरची झोप उडाली!

“शाब्बास!” साहेबांनी बाहेर आलेल्या सुपरवायझरच्या खांद्यावर हात ठेवला. “उद्या मालकीणबाई पाहुण्यांना घेऊन येताहेत. त्यांच्यासमोर एवढं झालं, की पुढच्या आठवड्यापासून या बायकांनी यायला नको.”

“कोणत्या बायकांनी, साहेब?”

“सगळ्याच. तुमच्या मिसेससुद्धा. विश्रांती मिळेल हो त्यांना!”

विश्रांती! माणसाचं काम काढून घ्यायचं आणि त्याला विश्रांती म्हणायचं! असले शब्द शोधून काढणाऱ्यांना वेगळा पगार मिळत असावा. सुपरवायझरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला वाटलं होतं, यंत्र हाताखाली येईल, बायकांचा भार हलका होईल. आणि फोटो गेटवर!

घरी त्याने ते कसंबसं सांगितलं. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त गॅस बंद केला.

“म्हणजे मला घरी बसवायला माझेच हात वापरलेत?”

“अगं, मला काय माहीत...”

“नाहीच माहीत तुम्हाला. काहीच माहीत नाही.” तिने आपलं उजवं मनगट डाव्या हाताने चोळलं. “मामी या वयात कुठे जाईल? आणि आपलं घर एका पगारात चालतं का, तेही विचारा त्या जावयाला!”

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या केबिनमध्ये शिरला तो वाक्य घोकतच. ‘साहेब, बायकांना काढू नका.’ एवढंच वाक्य. शेंबड्या पोराला जमेल असं!

“साहेब, ते बायकांना...”

“टोप्या!” साहेब ओरडले. “पाहुण्यांना काय निळ्या टोप्या घालणार? कामगार दिसतील ते! स्टोअरमधून पिवळ्या आणा. नव्या कोऱ्या. पळा!”

“हो साहेब,” म्हणाला आणि पळाला. वाक्य राहिलं घशातच.

टोप्यांचा गठ्ठा घेऊन येतोय तोवर इंजिनियर धावत आला. “सर, घात झाला! ते थांबलंय!”

सुपरवायझर आत धावला. जावईबापू झकास काम करत होते.

“चाललंय की!”

“अहो, आत्ता हळूहळू होत थांबलं होतं!”

“वायर बघा सैल आहे का,” म्हणून सुपरवायझर बाहेर गेला. आतून हाक, “थांबलं!” तो आत. चालू! तो बाहेर. बंद! इंजिनियरने वायरी हलवल्या, बटणं दाबली, शेवटी चक्क हात जोडले. टेबलाशी उभ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. मामीने तर पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

“मामी, काय झालं हसायला?” सुपरवायझर भडकला.

“छे हो! जावई माणूस, दमला असेल!”

तेवढ्यात दार उघडलं. पुढे साहेब, भांगाचं बलिदान देऊन टोपी घातलेले. मागे मालकीणबाई, जाड भिंगांचा चष्मा आणि हातात काठी. त्यांच्यामागे पाहुण्यांची पलटण. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नवी कोरी, झगझगीत, पिवळी टोपी!

जावईबापूंनी मान वर केली. एक टोपी बघून जे पंख्यासारखे फिरायचे, त्यांना एकदम सूर्यफुलांचं शेत दिसलं!

पुढे काय झालं ते ऐका. पहिल्यांदा वरचे पाव उडाले. मग चीजच्या चकत्या. त्या पाहुण्यांच्या गालांवर येऊन अशा चिकटल्या, जशी काय पोस्टाची तिकिटं! सॉसची पिचकारी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली. सगळे मागे सरकले, ते एकमेकांवर आदळले, टोप्यांचा ढीग झाला, आणि ढीग बघून जावईबापू आणखी चेकाळले! साहेब टेबलाखाली शिरले. टोपीचं टोक तेवढं वर राहिलं. जावईबापूंनी त्या टोकावर काकडी, पॅटी, पाव असा शिस्तशीर मजला चढवायला सुरुवात केली.

“बंद करा!” साहेब खालून.

“बटण पलीकडे आहे!” इंजिनियर ट्रेची ढाल करून.

या गोंधळात एका पाहुण्याची टोपी पावाच्या माऱ्याने उडून पट्ट्यावर पडली आणि पट्ट्याबरोबर निघून गेली. आणि जावईबापू जरासे, अगदी जरासे, हळू झाले.

दुसरी टोपी पडली. आणखी हळू.

सुपरवायझरच्या डोक्यात प्रकाश पडला. नुसता प्रकाश नाही, वीजच पडली! टोपी! त्याने वळून बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. इतकी वर्षं एका छपराखाली, एका टेबलाशी, आणि तिला साधं काम करताना आपण कधी पाहिलंच नाही!

“टोप्या काढा!” तो गरजला.

“खबरदार!” टेबलाखालून साहेब. “नियम आहे!”

“खड्ड्यात गेला नियम!”

घशात अडकलेलं वाक्य नव्हतं हे, पण त्याचंच भावंड होतं! सुपरवायझर पाहुण्यांवर तुटून पडला. सटासट टोप्या ओढल्या, साहेबांची तर पॅटीसकट, आणि शेवटी मालकीणबाईंसमोर थबकला. बाईंनी काठी उगारली. त्याने डोळे मिटले आणि टोपी उचलली. मग स्वतःचीही काढून सगळ्या टोप्यांवर बैठक मारली.

मारा थांबला.

जावईबापूंनी एक बर्गर सावकाश, नीट, प्रेमाने लावला. वरचा पाव हलकेच दाबला. पट्ट्यावर सोडला. मग डाव्या हाताने उजवं मनगट चोळत उभे राहिले.

मालकीणबाईंनी चष्म्यावरचा सॉस पुसला. “हे काय करतंय?”

बायको म्हणाली, “मनगट चोळतंय, बाई. दुखतं.”

“यंत्राचं?”

“माझं. त्याने माझंच पाहिलंय.”

“आणि मघाशी काय झालं होतं त्याला?”

“टोपी आली होती ना!” मामीने तोंडातला पदर काढला. “टोपी आली की आम्हीपण असंच करतो. फक्त आमचा नेम बरा आहे!”

एक पाहुणा फिस्सकन हसला. मग दुसरा. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पट्ट्यावरचा तो शेवटचा बर्गर उचलला, चारही बाजूंनी पाहिला आणि मग जमिनीवरच्या चिखलाकडे पाहिलं. “म्हणजे घाईतला हा चिखल, आणि सावकाश हा बर्गर? मग घाई ठरवली कोणी?”

सगळ्यांनी टेबलाखाली पाहिलं.

बाई एका दिवसात संत झाल्या, असं मी म्हणणार नाही. असली माणसं संत होत नसतात. पण त्यांना वाया जाणारं खाणं दिसलं, आणि पाहुण्यांसमोर गेलेली अब्रू तर कानात सॉस होऊन बसली होती! त्यांनी बायकोला विचारलं, “याला पुन्हा नीट शिकवाल?”

सुपरवायझर टोप्यांवरून अर्धवट उठला.

“शिकवीन,” बायको म्हणाली. “पण बर्गर नाही. बर्गर आम्ही लावू, माणसाला जमेल त्या वेगाने. याला पाठीमागच्या पेट्या उचलायला शिकवते. त्या उचलून मामीची कंबर गेलीय. आणि तो एसी इकडे वळवा!”

मालकीणबाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या डोक्यावर अजून काकडी होती. “वळवा,” त्या म्हणाल्या.

आता ते टेबल जागेवर आहे, बायका जागेवर आहेत, वेग माणसांचा आहे. मनगटं अजून दुखतात, पण बटण काढता येण्याइतपत. जावईबापू पेट्या उचलतात. सगळं शिकले, पण टोपीची सवय काही जाईना! टोपी दिसल्याशिवाय ढिम्म हलत नाहीत. इंजिनियरने हात टेकले. शेवटी मामीने तोडगा काढला. फरशी पुसायचा मॉप उलटा उभा केला आणि त्याच्या डोक्यावर पिवळी टोपी चढवली. एक टोपी, एक मॉप. जावईबापू खूश!

साहेबांनी तो मॉप बराच वेळ न्याहाळला. मग सुपरवायझरला न्याहाळलं. मग पुन्हा मॉपला.

थोडक्यात, मंडळी, त्या कारखान्यात यंत्र आल्यामुळे एकाच माणसाची जागा गेली!

पण बायकोने शब्द टाकला, म्हणून आपला माणूस आता निळी टोपी घालून टेबलाशी तिच्याच शेजारी उभा असतो. पहिल्या दिवशी त्याने सॉस पावाच्या बाहेरून लावला. दुसऱ्या दिवशी आतून. काल त्याने मान वर केली आणि पलीकडे पिवळं काहीतरी दिसलं. झालं! हात गरागरा! पाव, सॉस, पॅटी, चीज, काकडी! घामाघूम!

“अहो!” बायको म्हणाली. “हळू. मॉप आहे तो!”

त्याने इकडेतिकडे पाहिलं, ओशाळून हसला आणि मनगट चोळायला लागला.

“बघा गं,” मामी म्हणाली, “जावयापेक्षा लवकर शिकला!”