कड बसवणारे तेंडोलकर

माझ्या बहिणीच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि आमचे शेजारी बाबूराव तेंडोलकर पुढे होऊन अंतरपाट सरळ करत होते. डावं टोक दोन बोटं खाली आलं होतं म्हणे. मुहूर्त टळतो की काय, म्हणून माझे वडील घामाघूम. तेंडोलकर मात्र शांतपणे म्हणाले, "कड बसली नव्हती."

ठाण्याच्या एका कचेरीत ते नकाशे काढायचे. डोंबिवलीत परतल्यावरही हात स्वस्थ बसत नसे. आमच्या दांडीवरचं धोतर वाकडं दिसलं, तर न विचारता नीट करून जायचे. त्यांच्या पत्नी, माई, म्हणायच्या, "यांना पोळी नको, कंपासानं काढलेलं वर्तुळ वाढा."

आमच्या वाचनालयानं सिनेमा दाखवायचं नवं यंत्र आणलं, तेव्हा ते कोणी चालवायचं हे ठरायच्या आतच भिंग फिरवायचं काम तेंडोलकरांनी घेऊन टाकलं. यंत्राला आवाज नव्हता. जुने मूकपट आणायचो आणि शनिवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पडदा बांधायचो. तेंडोलकर आधी पडदा ताणायला लावत, मग यंत्र मागेपुढे सरकवत, मग भिंगाला हात घालत. नटीच्या पापण्या मोजता येईपर्यंत गोष्ट पुढे जायची नाही. लोक कुरकुरत, पण चित्र असं लख्ख दिसे की ठाकुर्लीहूनसुद्धा माणसं चालत यायची.

दुसऱ्या वर्षी त्यांचं भिंग फिरवणं लांबायला लागलं. पुढे, मागे, परत पुढे. वय झालं, हट्ट वाढला, असं आम्ही म्हणायचो. एका शनिवारी तर त्यांनी सगळं चित्र पिठात बुडवल्यासारखं करून ठेवलं आणि म्हणाले, "बसली कड." मागून शिट्ट्या सुरू झाल्या. आमचे चिटणीस नेने उठले आणि भिंग जागेवर आणून बसले. तेंडोलकरांनी हात मांडीवर ठेवले. त्या दिवशी पुन्हा त्यांनी यंत्राला हात लावला नाही.

खेळ संपला, पटांगण रिकामं झालं, तरी ते खुर्चीवरून उठेनात. मी जवळ गेलो.

"नेन्यांनी भिंग फिरवलं आणि लोक गप्प झाले," ते म्हणाले. "मला काहीच फरक दिसला नाही हो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. कचेरीत नकाशे काढून घेतले होते आणि त्यांना टपालाच्या टेबलावर बसवलं होतं. घरी यातलं अक्षर माहीत नव्हतं. माईंना आता सांगाच, असं मी म्हटलं. निघताना त्यांनी माझा दंड धरला, तो त्यांच्या दारापर्यंत सोडला नाही.

पुढच्या शनिवारी ते आले, आणि बरोबर माई. भिंतीवरच्या सावल्या काय बघायच्या, असं म्हणून माई कधी पटांगणाकडे फिरकल्या नव्हत्या. आज त्या बायकांकडे न बसता नवऱ्याशेजारी बसल्या. मी त्यांच्या मागेच होतो. चित्र सुरू झालं तशा त्या त्यांच्या कानाशी लागून हळू आवाजात सांगू लागल्या. आता गाडी आली. आता मुलगा उतरला. आता आई दारात आली.

शेवटाकडे पडद्यावर घराला आग लागली. म्हातारी आई आतच राहिली होती, मुलगा बाहेर ऊर बडवत होता. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. माई थांबल्या.

"काय झालं गं?" तेंडोलकरांनी विचारलं.

"काही नाही. मुलगा घरी पोचला. सगळे जेवायला बसलेत."

"काय वाढलंय?"

माईंनी क्षणभर जळत्या घराकडे पाहिलं.

"वालाचं बिरडं," त्या म्हणाल्या.

"वा," तेंडोलकर म्हणाले, आणि समाधानानं खुर्चीत मागे टेकले.