एकशे चौदा कलमे आणि जुनी मोटारसायकल

श्रीमंत वहिनीसाहेब, शाळेत मुलांस खेळ शिकविणार, गळ्यात शिटी वागविणार, घरात ज्यांचा शब्द खाली पडत नाही, त्यांचे सेवेशी आज्ञाधारक धाकटे दीर, ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची धूळ झटकणार, यांची विनंती ऐसीजे. साहेबी हुकूम केला की, "भाऊजी, सगळं खरं खरं लिहून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी हे काहीतरी भलतंच सांगत सुटतील." त्यावरून आमचे वडील बंधू दादासाहेब यांनी दुसऱ्याची वापरलेली मोटारसायकल कैसी हस्तगत केली, ती हकीकत घडली तैसी लिहितो. पदरचे तिखटमीठ लावले नाही. लावण्याची गरजही पडली नाही.

तरी आधी दादासाहेबांची तारीफ ऐकावी. हे तीस वर्षे छापखान्यात प्रुफे तपासतात, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढण्याबद्दल दरमहा मेहनताना घेतात, आणि घरी आल्यावर तेच काम फुकट करितात. ताप आला असता औषधाच्या वेष्टणावरील मजकूर लाल शाईने दुरुस्त करून मग गोळी घेणार, ऐसे हे पुरुष. छापखान्याचा रिवाज ऐसा की, खोडलेला शब्द खोडावयाचा नव्हता असे मागाहून ध्यानी आले, तर त्याखाली टिंबे द्यावी आणि समासात 'आहे तसे ठेवावे' म्हणून लिहावे. परंतु तीस वर्षांत एकदाही टिंबे देण्याचा प्रसंग आपणांवर आला नाही, हे दादासाहेब न विचारता सांगतात. उमर बावन्न. उंची कागदोपत्री पाच फूट सहा, आणि जमिनीवर पाच फूट तीन. वहिनीसाहेब त्यांहून चार बोटे उंच. मात्र दिवाणखान्यात लग्नाचा फोटो टांगला आहे, त्यात दोघांची मस्तके एका रेषेत आहेत, आणि फोटो गुडघ्यापाशी संपतो. फोटोवाल्याने ऐन वेळी नवरदेवाच्या पायांखाली एक लाकडी स्टूल सरकविले, हे आम्ही बाजूस उभे राहून पाहिले होते. परंतु वधूची नजर कॅमेऱ्याकडे असल्याने ही गोष्ट तिला ठाऊक नाही, ऐसी दादासाहेबांची बावीस वर्षांची पक्की समजूत होती, आणि आम्ही ती मोडली नाही.

मग एके दिवशी छापखान्यात नवा जुळारी, म्हणजे मजकूर जुळविणारा पोरगा, आला, आणि त्याने दादासाहेबांस "काका, तुम्ही बसा, मी उचलतो" म्हणून कागदाचा गठ्ठा हातचा काढून घेतला. ती गोष्ट जिव्हारी लागली. त्याच संध्याकाळी जाहीर केले की आपण मोठी मोटारसायकल घेणार, तीही स्पोर्ट-टूरिंग जातीची, म्हणजे जी वेगातही पळते आणि दोहों बाजूंस पेट्या अडकवून शेकडो कोस चालते, आणि आपण दोघे तीवर बसून समुद्र पाहून येणार. वहिनीसाहेबांस मागील मोहिमा स्मरल्या. व्यायामाची सायकल आली, ती चौघांनी वर चढविली, आणि आज तीवर टॉवेल वाळतात. दुर्बीण आली, तिने समोरच्या इमारतीची टाकी पाहिली आणि डोळा मिटला. तेव्हा वहिनीसाहेबांनी फर्मान काढले ते ऐसे: "आणा. पण स्वतः चालवत आणायची, दारात थांबायची, आणि कुणाचा हात न लागता खाली उतरायचं. कुणाचा हात लागला, तर आल्या वाटेने परत." दादासाहेबांनी हसून मान डोलाविली. बावन्न वर्षांचा गडी अजून उभा आहे की बसला, याचा निवाडा या एका कलमावर येऊन ठेपला.

पुढे सात महिने मसलत चालली. दादासाहेबांनी जगातील यच्चयावत व्हिडिओ पाहिले आणि जुनी गाडी घेताना काय पाहावे याचा एकशे चौदा कलमांचा जाबता लिहिला. मग दातांचे एक डॉक्टर आपली गाडी काढीत आहेत ऐसी खबर लागली आणि स्वारी आम्हांस बरोबर घेऊन तेथे दाखल जाहली. डॉक्टर म्हणजे सहा फुटांचे गृहस्थ, गुडघा दुखतो म्हणून गाडी सोडीत होते, आणि तीवर हात फिरविताना डोळे पुसत होते. गाडी निळी, वजनास दोनशे साठ किलो, गॅरेजात डबल स्टँडवर चढविलेली. आमच्या सरदारांनी विजेरी काढिली, आरसा काढिला, लोहचुंबक काढिले. इंजिन आधीच तापवून ठेविले आहे की काय, हे उलट्या हाताने पाहिले. साखळीची कडी मोजिली, टायरांची जन्मतारीख वाचिली, तेल बोटावर घेऊन हुंगिले, आणि सर्व्हिसच्या पुस्तकातील दोन ऱ्हस्व-दीर्घ जाता जाता दुरुस्त केले. डॉक्टर बिचारे, ज्यांच्यापुढे लोक तोंड उघडतात, ते स्वतः तोंड उघडून पाहत राहिले.

मग पायटेकणावर पाय देऊन दादासाहेब गाडीवर आरूढ जाहले. गाडी स्टँडवर, पाय पायटेकणांवर, हात मुठींवर, नजर गॅरेजच्या भिंतीपार. आम्ही अर्ज केला की, एकदा स्टँडवरून खाली घेऊन पाहावी. त्यावर "तुला यातलं काय कळतं?" ऐसा जबाब मिळाला. आम्हांस कळत होते. एकशे चौदा कलमांत गाडीच्या प्रत्येक अवयवाचे कलम होते, स्वाराच्या पायांचे नव्हते. आपली उंची ही एकच गोष्ट या गृहस्थाने जन्मात कोणत्याही यादीत घातली नाही, ती येथे तरी कशी घालावी? डॉक्टरांनी दुसऱ्या दिवसाच्या सायंकाळपर्यंत गाडी परत घेण्याचा कौल दिला, आणि सह्या जाहल्या.

आता स्टँड काढिला, आणि गाडी चार बोटे खाली बसली, आणि दादासाहेबांचे पाय जमीन शोधू लागले. डावा टेकवावा तो उजवा अधांतरी, उजवा टेकवावा तो डावा अधांतरी, आणि टेकला तोही चवड्यापुरता. गाडी कलली. एकीकडून डॉक्टर, दुसरीकडून आम्ही, ऐशी ती सावरून धरिली. डॉक्टर सभ्य, ते आकाशाकडे पाहू लागले. आम्ही म्हटले, येथेच परत करावी, यात कमीपणा नाही. तेव्हा दादासाहेबांचा चेहरा उतरला होता, हे आम्ही लपवीत नाही, आणि आम्हांस त्यांची कीव आली, हेही लपवीत नाही. परंतु हा मनुष्य म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातला. त्यांनी हेल्मेटची काच पाडली आणि सुनावले, "चालत्या गाडीला पाय लागत नाहीत." आणि डॉक्टरांच्या पायरीचा आधार घेऊन कूच केले.

हे वाक्य खरे होते, आणि सारा घोटाळा त्यातच होता. गाडी चालली तो सरदार पट्टीचा. तरुणपणी लहान मोटारसायकल हाकली होती, हात विसरला नव्हता. आम्ही स्कूटरवर आघाडीस, सिग्नलांची खबर हाताने मागे द्यावी ऐसी तजवीज. पहिल्या चौकात सिग्नल लाल पडला. दादासाहेबांनी पाहिले की कडेस फूटपाथ नाही, तेव्हा थांबणे म्हणजे पडणे, म्हणून शेजारच्या पेट्रोल पंपात घुसून पंपाभोवती फेरी घेतली. पहिल्या फेरीस पंपावरील माणसाने नळी उचलली. दुसऱ्या फेरीस रांगेत यावे म्हणून खूण केली. तिसऱ्या फेरीस नळी ठेवून हात जोडले. मग सिग्नल हिरवा जाहला आणि स्वारी बाहेर पडली. पुढल्या चौकात दुभाजकावर उजवा पाय टेकून दादासाहेब ऐशा डौलाने थांबले की मागील बसचालकानेही भोंगा वाजविला नाही. तेथे आम्ही जवळ जाऊन पाहिले, तो पेट्रोलचा पिवळा दिवा लागलेला. तीन वेळा पंपास प्रदक्षिणा घालून थेंबभर पेट्रोल घेतले नाही, कारण ते घेण्यास थांबावे लागते. याउपर अकलेची तारीफ काय लिहावी.

घर आले. इमारतीचे अंगण फरशीचे, सपाट. ना फूटपाथ, ना ओटा. वहिनीसाहेब दारात उभ्या, मागे पहारेकरी, सज्ज्यात निवृत्त पोस्टमास्तर. दादासाहेब फाटकातून आत आले आणि न थांबता इमारतीस वळसा घालून गेले. पोस्टमास्तरांनी टाळ्या वाजविल्या. दुसरा वळसा पडला, तेव्हाही वाजविल्या. तिसऱ्यास टाळ्या थांबल्या, आणि पिवळा दिवा लुकलुकू लागला, आणि पहारेकरी गाडी धरण्यास पुढे सरसावला. तोच वहिनीसाहेबांची शिटी कडाडली आणि तो जागीच खिळला. हात लागता कामा नये, हे त्यांचेच फर्मान होते. आम्हांस वाटले, आता या फर्मान मोडतात की ते पडतात.

वहिनीसाहेब वर गेल्या. चौथा वळसा पडला. इंजिन खोकू लागले. पाचव्यास वहिनीसाहेब खाली आल्या, आणि हातात जुन्या चादरीत गुंडाळलेले काही होते, ते सोडून त्यांनी फाटकापासून सात पावलांवर, नजरेने अंदाज घेऊन, फरशीवर ठेविले आणि मागे सरल्या. एक लाकडी स्टूल होते. मग शिटी वाजविली आणि म्हणाल्या, "अहो, डावा पाय."

दादासाहेबांनी डावा पाय सोडला, तो नेमका स्टुलावर टेकला, आणि दोनशे साठ किलो वजन उभे राहिले. साइड स्टँड लाविला, उजवा पाय मागून फिरविला, स्टुलावर, मग फरशीवर. कोणाचा हात लागला नाही. सज्ज्यातून टाळ्या पडल्या, त्या दादासाहेबांस ऐकू आल्या नाहीत, कारण ते स्टुलाकडे पाहत होते. स्टुलाच्या कडेस फोटोवाल्याच्या दुकानाचा पांढरा आकडा रंगविलेला होता.

"हे कुठून आलं?" त्यांनी हळूच विचारिले.

"त्याच दिवशी फोटोवाल्याकडून मागून आणलं होतं," वहिनीसाहेब म्हणाल्या. "म्हटलं, लागेल कधीतरी."

बावीस वर्षे ते घरातच माळ्यावर होते. माळ्यास दादासाहेबांचा हात पोहोचत नाही, त्यामुळे तेथे काही ठेवावे तर त्याहून सुरक्षित जागा नाही.

येणेप्रमाणे मोहीम तडीस गेली. डॉक्टरांचा कौल दुसऱ्या दिवशी सायंकाळी सरला, गाडी परत गेली नाही. पुढे उभयतां समुद्र पाहून आली, स्टूल मागील पेटीवर पट्ट्याने बांधून. थांबण्याचा समय आला की वहिनीसाहेब आधी उतरतात, त्यांचे पाय पोहोचतात, आणि मग स्टूल मांडतात. जाबत्यात एकशे पंधरावे कलम लाल शाईने चढले, त्यात 'पाय' इतकाच एक शब्द आहे.

ही बखर तयार जाहल्यावर रिवाजाप्रमाणे दादासाहेबांकडे तपासणीस गेली. त्यांनी आमच्या अकरा चुका काढिल्या, त्या खऱ्या होत्या. स्टुलाचा सारा मजकूर एका रेघेने खोडला, फोटोचाही. दोन दिवस कागद त्यांच्यापाशी राहिला. परत आला, तेव्हा त्या खोडलेल्या ओळींखाली एकेक टिंब दिलेले होते, आणि समासात लाल अक्षरांत लिहिले होते, आहे तसे ठेवावे.

त्याखालील ओळीत आम्ही 'फत्ते वहिनीसाहेबांची' ऐसे लिहिले होते. तेथे कसलीही खूण नाही. चूक असती, तर दादासाहेबांनी ती सोडली नसती.