बोक्याचा पट्टा

"आता जनावरांच्या मालकांना काही विचारायचंच नाही!" धाकट्या डॉक्टरीणबाईंनी जनावरांच्या दवाखान्यात जाहीर केलं. "हा पट्टा बांधला की जनावर किती झोपलं, किती हललं, सगळं आपोआप कळतं. यंत्र खोटं बोलत नाही!"

थोरले डॉक्टर गालातल्या गालात हसले. "पहिल्याच रोग्याला घोळ झाला, तर सगळे पट्टे परत पाठवायचे हं!"

झालं! बाईंची अब्रूच पणाला लागली.

पहिला रोगी म्हणजे एक लंगडणारा बोका. त्याला घेऊन आलेले काका भलतेच मितभाषी. बाईंनी पट्टा त्यांच्या हातात दिला. "आत्ता बिथरलाय. घरी गेल्यावर बोक्याला बांधा. आठवडाभर काढू नका."

काकांनी घरी काकूंना निरोप जसाच्या तसा पोचवला. "डॉक्टरीणबाईंनी हा बोक्याला बांधायला सांगितलाय."

आता गंमत अशी, की त्या घरात मांजराला म्हणत 'सरदार'. बोक्या हे लाडाचं नाव होतं काकूंच्या उपवर चिरंजीवांचं!

"अगंबाई, माणसांचंही बघतात वाटतं!" म्हणत काकूंनी तो मुलाच्या मनगटाला बांधला.

आठवड्याने पडद्यावर आलेखाची रेघ उमटली आणि बाईंचा चेहरा पडला. "सर, हा नुसता लोळतोय. उठतो तो खाण्यापुरता. उडी म्हणून एक नाही!"

"मग पाय गेलाच म्हणायचा. ऑपरेशन!"

बाईंनी काकूंना फोन लावला. "काकू, बोक्याला घेऊन या. पायाचं ऑपरेशन करावं लागेल. आणि बेशुद्ध करतोच आहोत, तर नसबंदीही उरकून टाकू."

"नसबंदी?" काकू किंचाळल्या. "अहो, त्याचं अजून लग्न व्हायचंय!"

"लग्न कसलं, काकू? त्याच्या पोरांनी अख्खी गल्ली भरलीय म्हणे!"

पलीकडे फोन धाडकन खाली पडला.

थोड्याच वेळात सगळं घर दवाखान्यात हजर! काकू रडतायत, चिरंजीव गळ्याची शपथ घेऊन "मी त्यातला नाही" म्हणतायत, काका मांजराची पिशवी धरून उभे. आणि सरदार? तो पिशवीतून निसटून एका उडीत औषधांच्या कपाटावर! लंगडणं केव्हाच पळालेलं.

बाईंना चिरंजीवांच्या मनगटावरचा पट्टा दिसला. त्यांनी कपाळाला हात लावला. "गेले! सगळे पट्टे परत गेले!"

थोरले डॉक्टर हसून हसून बेजार झाले होते. "परत कशाला? निरोप चुकला, पट्टा नाही. ह्याचं आठवडाभराचं लोळणं त्याने बरोब्बर टिपलंय. ठेवून घेऊ."

बाईंचा जीव भांड्यात पडला. काकूंनी मात्र डोळे पुसले आणि सावकाश मुलाकडे मोर्चा वळवला.

"थांबा डॉक्टर. म्हणजे हा आठवडाभर नुसता लोळत होता? मला तर सांगतो, दार लावून ऑफिसचं काम करतोय!"

"बोल की आता," काका म्हणाले.

चिरंजीवांनी आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि निमूटपणे तपासणीच्या टेबलावर आडवे झाले.

"डॉक्टर, ते ऑपरेशन करूनच टाका!"